चर्नी रोडच्या बागेत एक रविवार



परीक्षा संपली की विहारातल्या रविवारच्या वर्गाची मुले आमच्याभोवती जमतात आणि विचारतात, "काका, यंदा सहल कुठे?" कुणाला वॉटर पार्क हवे असते, कुणाला मॉल. आम्ही पडलो कारकून. माणशी तिकीट, नाश्ता, बसभाडे असा हिशेब मांडला की आकडा ऐकूनच पालकांचे चेहरे उतरतात. म्हणून यंदा आम्ही सांगून टाकले, "आपण बागेत जायचे."

मुले हिरमुसली. "बाग तर आपल्या नाक्यावरही आहे," एकजण म्हणाला. आम्ही म्हटले, "आहे ना. पण त्या बागेत एक मुलगा शाळा सुटल्यावर पुस्तक घेऊन बसायचा. त्याची जागा बघायची आहे." मग मात्र सगळ्यांनी नावे दिली. सतरा मुले, तीन आया आणि आम्ही. डब्यात चपात्या, बटाट्याची सुकी भाजी आणि कुरमुऱ्यांची मोठी पिशवी. प्रत्येकाने एक वही व पेन्सिल घ्यायची, एवढाच नियम.

चर्नी रोड स्टेशनवर उतरलो आणि पहिला धडा फलाटावरच झाला. "चर्नी म्हणजे काय?" कुणालाच सांगता येईना. पूर्वी कोटाबाहेरच्या मैदानावर लोकांची गुरे चरत असत. इंग्रज सरकारने त्या चराईवर पैसे बसवले. गरिबाने ते कुठून द्यावेत? तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३८ साली वीस हजार रुपये खर्चून ठाकूरद्वाराजवळ जमीन घेतली आणि गुरांना चरायला मोकळी ठेवली. त्या चरणीवरून हे नाव पडले, असे सांगतात. मुलांनी वहीत लिहून घेतले. एका लहानग्याने तर स्टेशनच्या पाटीखाली म्हैसच काढली! फुकट चरायला मोकळी जागा, ही गोष्ट मुलांनी लक्षात ठेवावी असे आम्ही मुद्दाम सांगितले. कारण पुढची गोष्टही मोकळ्या जागेचीच होती.

स्टेशनच्या पूर्वेला, गिरगावाच्या बाजूला ही बाग लागते. आज तिला स. का. पाटील उद्यान म्हणतात. बाबासाहेबांच्या चरित्रात मात्र ती चर्नी रोड गार्डन म्हणूनच येते. झाडाखाली गोल करून बसलो आणि मुलांना विचारले, "तुमच्यापैकी किती जणांच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली आहे?" एकही हात वर झाला नाही. "मग ऐका."

सुभेदार रामजी साताऱ्याहून मुंबईला आले तेव्हा परळच्या चाळीतली एकच खोली सगळ्या कुटुंबाला मिळून होती. तिच्यातच चूल, तिच्यातच जाते, तिच्यातच अंथरुणे. सुभेदार रात्री जागे राहायचे आणि दोन वाजता भीमरावांना अभ्यासाला उठवून स्वतः आडवे व्हायचे. पुस्तकाला पैसे नसले तर लेकीचा दागिना गहाण टाकायचे. एवढे करून मुलगा एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जायचा. शाळा सरकारी, पण तिथे काय घडले? एकदा मास्तरांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले, तर वर्गातली मुले ओरडत उठली. त्यांचे डबे फळ्यामागे ठेवले होते. हा मुलगा जवळ गेला तर डबे बाटतील म्हणून आधी डबे हलवले, मग गणित झाले. संस्कृत शिकायचे होते, तेही मिळाले नाही. फारसी घ्यावी लागली.

घरी जागा नाही, शाळेत मन रमावे अशी माणसे नाहीत. तेव्हा शाळा सुटल्यावर भीमराव या बागेत येऊन वाचत बसू लागले. बागेतल्या बाकाला कुणाची जात कळत नाही.

त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे एक गृहस्थ येत. ते शिक्षक आणि लेखक होते. रोज एकटाच येऊन वाचणारा हा मुलगा त्यांना दिसे. एके दिवशी त्यांनी आपुलकीने चौकशी केली. मुलगा कोणत्या समाजाचा आहे हे कळले, आणि कळूनही ते उठून गेले नाहीत. उलट त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले, काय वाचावे ते सांगू लागले.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. आपल्या समाजाला त्या काळी हे केवढे अप्रूप! अभिनंदनाची सभा भरली, अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. त्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांना भेट दिले. ते पुस्तक १८९८ साली निघालेले. आज आपण विहारात बसून त्रिशरण म्हणतो, त्या वाटेवरचे एक पहिले पाऊल या बागेतल्या ओळखीमुळे पडले, हे मुलांना सांगताना आमचाच आवाज जड झाला. पुढे कॉलेजात असताना सुभेदारांचा हात अगदी आखडला. तेव्हाही गुरुजीच भीमरावांना घेऊन सयाजीराव महाराजांकडे गेले. महाराजांनी दरमहा पंचवीस रुपये शिष्यवृत्ती दिली आणि १९१२ साली भीमराव बी.ए. झाले.

आमच्यातला कारकून गप्प बसेना. आम्ही मुलांना जमाखर्च मांडायला सांगितला. सुभेदारांचे जागरण, बहिणींचे दागिने, महाराजांचे पंचवीस रुपये, गुरुजींची पुस्तके. "आणि बागेचे किती रुपये लिहू?" एका मुलाने विचारले. आम्ही म्हटले, "शून्य लिही. पण ओळ खोडू नकोस."

इतक्यात सातवीतली एक मुलगी म्हणाली, "काका, बाबासाहेबांना बागेतून कुणी हाकललं नाही का?"

प्रश्न लहान, पण उत्तर मोठे होते. म्हणून मुलांना दुसऱ्या बागेची गोष्ट सांगितली. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. गाव त्याच सयाजीरावांचे. पण अस्पृश्य म्हणून कुणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढले. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. तेव्हा मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठीबागेत बसून राहिले. तीच आजची सयाजीबाग. जिथे ते बसले त्या वडाच्या जागेला आपण संकल्पभूमी म्हणतो, आणि २३ सप्टेंबरला संकल्प दिन पाळतो. एका बागेने विद्यार्थ्याला वाचायला जागा दिली. दुसऱ्या बागेने, सारे गाव दार लावून बसलेले असताना, एका विद्वान माणसाला बसायला जागा दिली.

"म्हणजे बाग सगळ्यांची असते," ती मुलगी म्हणाली. आम्ही म्हटले, "सगळ्यांची असते खरी. पण सार्वजनिक या शब्दात आपण मोडतो, हे कागदावर यायलाही वेळ लागला." मॅट्रिकच्या सभेचे अध्यक्ष बोले, त्यांनीच ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला, की सरकारी पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, पण कागदावर. ते प्रत्यक्षात उतरवायला बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी हजारोंसह तळ्यावर जावे लागले. बागेतला मुलगा, सभेचा अध्यक्ष, ठराव आणि तळे ही एकच साखळी आहे. पाठ्यपुस्तकात या कड्या वेगवेगळ्या धड्यांत असतात. बागेत बसून सांगितल्यावर मुलांना त्या जोडता आल्या.

इथे आमचाही एक अनुभव मुलांना सांगितला. दहावीला असताना आम्ही आमच्या भागातल्या एका बागेत दिव्याखाली अभ्यासाला बसत असू. एक दिवस रखवालदाराने काठी आपटली. "अभ्यास घरी करा, ही बाग फिरायला आहे." घर होते दहा बाय बाराचे, माणसे सात. आम्ही उठलो आणि पुढचे तीन महिने रेल्वेच्या फलाटावर बसून वाचले. त्या वेळी आम्हांला ही चर्नी रोडची गोष्ट ठाऊक असती तर आम्ही खाली मान घालून उठलो नसतो. बागेचे नियम, वेळ काय ते नीट विचारले असते, आणि बसायचा हक्क आहे हे नम्रपणे सांगितले असते. आपला इतिहास माहीत असला की माणूस ताठ उभा राहतो, तो असा.

मुलांमध्ये नववीचा एक मुलगा होता. वडील कंत्राटी सफाई कामगार, आई चार घरची धुणीभांडी करते. घरात अभ्यासाला जागा नाही, मार्क घसरले, तेव्हा शाळा सोडून सामान पोहोचवायच्या कामाला लागायचे त्याने मनाशी ठरवले होते. आईने त्याला बळेच आमच्याबरोबर धाडला होता. दिवसभर तो गप्प. परतीच्या गाडीत दाराशी उभा राहून त्याने हळूच विचारले, "काका, केळुसकर गुरुजी भेटले नसते तर?"

गाडीच्या त्या गर्दीत आम्हांला चटकन उत्तर सुचले नाही. घरी येऊन रात्रभर तेच डोक्यात. भीमराव त्यांच्या जिद्दीने पुढे गेलेच असते, असे म्हणून मोकळे होता येते. पण वस्तीतल्या प्रत्येक मुलाकडे तेवढी जिद्द कुठून आणायची? मुलगा बाकावर बसलेला असतो. त्याच्याकडे बघून थांबणारे माणूस कमी पडते. आम्ही जयंतीला बॅनर लावतो, वर्गणी गोळा करतो, भाषणे ऐकतो. पण शेजारच्या खोलीतला मुलगा रात्री कुठे बसून वाचतो, हे आम्ही कधी विचारले होते? नाही विचारले. ही आमची चूक आम्ही इथे कबूल करतो.

दुसऱ्याच आठवड्यात विहार समितीत विषय मांडला. आता रोज संध्याकाळी सात ते दहा विहाराचा हॉल अभ्यासासाठी उघडा असतो. दोन पंखे, चार ट्यूबलाइट, जमिनीवर सतरंज्या. शिकलेल्या तरुणांनी एकेक वार वाटून घेतला आहे. गुरुवार आमचा, हिशेब व गणिताचा. तो नववीचा मुलगा आठवड्यातून चार दिवस येतो. शाळा सोडायची गोष्ट त्याने अजून तरी परत काढलेली नाही.

आयाबहिणींनो, बंधूंनो, सुट्टीत एक रविवार काढा. मुंबईत असाल तर चर्नी रोडला जा. बागेची वेळ आधी विचारून घ्या. मुलांना भाषण देऊ नका, गोष्ट सांगा आणि त्यांना विचारू द्या. परतताना शासकीय ग्रंथागाराची इमारत बाहेरून तरी दाखवा. तेही चर्नी रोडलाच, नेताजी सुभाष मार्गावर आहे. सरकारी कचेरी असल्याने रविवारी बंद असते. १९७९ पासून शासन बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे जे खंड काढते, ते तिथे विक्रीला असतात. ज्या भागात एका मुलाला वाचायला बाक शोधावा लागला, त्याच भागात आज त्याची पुस्तके विकत मिळतात. हे मुलांना आपल्या डोळ्यांनी बघू द्या.

मुंबईबाहेर असाल तर साताऱ्याला ती शाळा आहे जिथे ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव दाखल झाले, महाडला तळे आहे, बडोद्याला वड आहे. यातले काहीच जवळ नसेल तर गावातल्या जुन्या माणसाला पारावर बसवा आणि मुलांना त्याच्या पुढ्यात बसवा.

आमच्या सहलीचा खर्च रेल्वेची तिकिटे आणि कुरमुरे एवढाच झाला. घरी येऊन वहीत हिशेब लिहिला, आणि खाली बागेचे शून्य लिहायला विसरलो नाही.