पडद्यावरच्या त्या मुलीचे काय?

नेकनूरच्या आठवडी बाजारात चहाच्या टपरीमागे चार-पाच पोरे एकाच मोबाइलवर माना वाकवून बसलेली दिसतात. काय पाहतात, हे विचारावे लागत नाही. या पोरांचे पुढे काय होणार, यावर आपल्या बैठकांत पुष्कळ चिंता व्यक्त होते आणि ती रास्तच आहे. परंतु त्या पडद्यावर जी मुलगी असते, तिचे पुढे काय झाले, हे विचारताना मी कोणाला ऐकलेले नाही. ‘तसल्याच असतात त्या’, या एका वाक्यात विषय मिटतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईत मढ येथील एका बंगल्यावर पोलिसांनी छापा घातला. वेबमालिकेत काम देतो म्हणून नवोदित मुलींना बोलवायचे, ऐन चित्रीकरणाच्या वेळी संहिता बदलायची, नकार दिला की करारावर बोट ठेवून धमकवायचे, असा पोलिसांचा आरोप आहे. त्या वर्षीच्या जुलैत उद्योजक राज कुंद्रा यांना अटक झाली, सप्टेंबरात जामीन मिळाला; त्यांनी आरोप नाकारले आहेत. त्याचा निवाडा न्यायालय करील.

मात्र अशी फसवणूक कशी चालते, हे अमेरिकेतील सॅन डिएगोच्या न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये तपशिलाने नोंदवले आहे. तिथेही जाहिरात साध्या मॉडेलिंगची होती. मुली बहुतेक महाविद्यालयीन. चित्रफीत इंटरनेटवर येणार नाही, परदेशात मोजक्या ग्राहकांना विकली जाईल, असे त्यांना सांगितले गेले. करार धड वाचूही दिला नाही. पुढे त्या चित्रफिती इंटरनेटवर आल्या. नावे उघड झाली, नातलगांपर्यंत, वर्गमित्रांपर्यंत दुवे पोहोचले. कुणाचे शिक्षण सुटले, कुणी जीव देण्यापर्यंत आल्या. न्यायालयाने २२ मुलींना सुमारे १ कोटी २७ लाख डॉलर भरपाई आणि चित्रफितींचा मालकी हक्क दिला. मुख्य सूत्रधार देश सोडून पळाला होता. तो २०२२ मध्ये माद्रिदमध्ये सापडला आणि २०२५ मध्ये त्याला २७ वर्षांची शिक्षा झाली. पण एकदा पसरलेली चित्रफीत कोणत्या निकालाने परत येते?

‘संमती होती ना?’ हा प्रश्न सुशिक्षित घरांतही ऐकू येतो. आपला कायदा याबाबत आपल्यापेक्षा समंजस आहे. एखाद्या स्त्रीने खासगी चित्रणास संमती दिली, पण ते इतरांना दाखवण्यास दिली नाही, तर ते पसरवणे हा गुन्हा आहे. ही तरतूद २०१३ मध्ये आली आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. २०२१ च्या नियमांनुसार, अशा चित्रणाची तक्रार पीडितेने किंवा तिच्या वतीने कोणी केल्यास संबंधित कंपनीने २ तासांत ते हटवण्याची पावले उचलायची असतात.

पण तक्रार कोणी करायची? मुलगी घरी सांगू शकणार नाही, याच भरवशावर हा धंदा उभा असतो आणि तो भरवसा आपणच पुरवतो. त्या टपरीमागे बसलेल्यांना कोणी नाव ठेवत नाही. तीच चित्रफीत गावातल्या मुलीची निघाली, तर मात्र तिच्या धाकट्या बहिणीचेही लग्न अडते.

पोलीस ठाणे नेकनूरलाही आहे. मुंबईहून परतलेल्या अशा मुलीबरोबर तिथवर चालत जाणारा बाप, काका किंवा शेजारी अजून ठरायचा आहे.