तुम्ही कोणाला म्यूट केलंय?

रात्रीचे साडेअकरा. होस्टेलची खोली, अर्धवट राहिलेली असाइनमेंट आणि हातात फोन. हा सीन तुमच्याकडेही रोजचाच असणार. त्या रात्री माझ्या फीडवर माझ्याच बॅचमधल्या मैत्रिणीचा व्हिडीओ आला. न्यूज चॅनलचा स्टुडिओ, चेहऱ्यावर लाइट आणि खाली पट्टीवर तिचं नाव. पहिल्यांदाच बुलेटिन वाचत होती ती. आणि त्या दिवशी मी काय केलं होतं? शहरातल्या कार्यक्रमांच्या यादीत दोन व्याख्यानं, एक प्रदर्शन आणि एक भजन स्पर्धा टाइप केली होती. त्यातही एका व्याख्यानाची वेळ चुकली म्हणून डेस्कवर बोलणी खाल्ली होती.

मी तिच्या व्हिडीओवर तीन हार्ट टाकले. ‘प्राउड ऑफ यू’ लिहिलं. आणि मग तिला म्यूट केलं.

अनफॉलो नाही हं, तेवढी हिंमत नव्हती. म्यूट. म्हणजे तिला कळणार नाही आणि मला दिसणार नाही.

तुमच्या फीडवर ही व्यक्ती वेगळी असेल. कोणाला जर्मनीत मास्टर्सला अ‍ॅडमिशन मिळालीय, कोणी एमपीएससी पास होऊन गावच्या मिरवणुकीत गुलालात न्हालाय, कोणी तेविसाव्या वर्षी आईबाबांना गाडी घेऊन दिलीय. आणि आपण? नापास नाही, टॉपरही नाही. ठीकठाक. लग्नाकार्यात कोणी ‘सध्या काय चाललंय?’ विचारलं की पटकन पाणी प्यायला उठावंसं वाटतं, इतके ठीकठाक.

यावरचा ठरलेला सल्ला म्हणजे ‘तुलना करू नकोस’. हा सल्ला ‘टेन्शन घेऊ नकोस’ इतकाच उपयोगाचा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं की, माणसाला स्वतःला जोखण्याची गरज असते आणि हाताशी पक्की मोजपट्टी नसली की तो इतरांकडे बघून स्वतःला मोजतो. तेसुद्धा कोणाशीही नाही, आपल्यासारख्यांशी. म्हणून अंबानींच्या घरचं लग्न बघून आपली झोप उडत नाही. शेजारच्या बाकावर बसणारीची नोकरी बघून उडते. उंची मोजायला टेप आहे. ‘माझं बरं चाललंय का?’ हे मोजायला काय आहे? म्हणून आपण बाजूला बघतो.

म्हणजे तुलना करणं हा काही आपला दोष नाही. गडबड आहे ती आपल्याला कोण दिसतं, यात. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये एक गंमत दाखवून दिली. बहुतेकांच्या मित्रांना सरासरीने त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात! कारण साधं आहे. ज्याला खूप मित्र, तो खूप जणांच्या यादीत असतो, म्हणून तोच सगळ्यांना दिसतो. फीडचंही तसंच. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही आहे तो पोस्ट करतो, त्याला लाइक्स मिळतात, अ‍ॅप त्यालाच पुढे ढकलतं. ज्याचा इंटरव्ह्यू फसला, तो त्या दिवशी गप्प असतो.

आणि आम्ही पेपरवाले (हे म्हणायची मला अजून सवय नाही) तरी वेगळं काय करतो? २०२४ मध्ये राज्यात पंधरा लाखांहून जास्त मुलांनी दहावीची परीक्षा दिली. त्यात १८७ जणांना शंभर टक्के मिळाले. दुसऱ्या दिवशी फोटो कोणाचे असतात, हे मी सांगायला नको. ६८ टक्केवाल्याच्या घरीही पेढे वाटले जातात, पण तिथे कोणी फोटोग्राफर जात नाही.

बरं, वर पोहोचलं की तरी सुटका होते का? १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या खेळाडूंचे चेहरे अमेरिकेतल्या संशोधकांनी लोकांना व्हिडीओवर दाखवले आणि ते किती खूश दिसतात ते विचारलं. ब्राँझवाले सिल्व्हरवाल्यांपेक्षा जास्त आनंदी दिसले. सिल्व्हरवाल्याला हुकलेलं गोल्ड दिसत असतं, ब्राँझवाल्याला रिकाम्या हाताने परतणारा चौथा. जगात दुसरा आलेला माणूससुद्धा ‘थोडक्यात राहिलं’ म्हणून खट्टू होतो, तर आपली काय कथा!

अशा लेखात या ठिकाणी ‘आधी नापास, मग करोडपती’ छापाची गोष्ट येते. ती मी सांगणार नाही. ती ऐकून आपण पुन्हा त्याचं वय आणि आपलं वय मोजत बसतो. त्यापेक्षा माझं पुढे काय झालं ते सांगते.

अडीच महिन्यांनी कॅन्टीनमध्ये एका कॉमन मैत्रिणीने विचारलं, ‘तिच्या बाबांना आता बरं आहे का गं?’ मला काहीच माहीत नव्हतं. हार्ट अटॅक, मग बायपास, तीन आठवडे हॉस्पिटल. बी पॉझिटिव्ह रक्त हवं म्हणून तिने स्टोरी टाकली होती. माझा ग्रुप बी पॉझिटिव्ह आहे. कॉलेजच्या शिबिरात आम्ही दोघींनी शेजारच्या बेडवर झोपून रक्त दिलं होतं.

त्या रात्री फोन केला. ‘अगं, किती दिवसांनी!’ एवढंच म्हणाली. मी म्यूटचं सगळं सांगून टाकलं. थोडा वेळ शांतता. मग, ‘बावळट आहेस.’ मला वाटलं होतं, आता ती म्हणेल, ‘कसलं काय, इथेही त्रासच आहे.’ तसं ती म्हणाली नाही. पहाटे चारची शिफ्ट असूनही तिला ते काम मनापासून आवडतंय. कॅमेऱ्यासमोर ती माझ्यापेक्षा खूप चांगली आहे, आणि हे मान्य करताना मला काही झालं नाही. कारण आता समोर नुसता व्हिडीओ नव्हता, अख्खी ती होती. बाबांच्या औषधांच्या वेळा सांगणारी, मला शिव्या घालणारी.

म्हणून माझं मत असं आहे की, ‘मी सुमार आहे’ असं वाटणं हे तुलनेचं सगळ्यात मोठं नुकसान नाहीच. मोठं नुकसान हे की, आपली माणसं आपल्याला स्कोअरबोर्डसारखी दिसायला लागतात. आणि स्कोअरबोर्डला कोणी ‘बाबा कसे आहेत?’ विचारत नाही.

बहुतेक बाबतींत आपण बहुतेक जण मधलेच असणार. पण रात्री दोन वाजता तिच्या बाबांचं सलाइन बदलणाऱ्या सिस्टर त्यांच्या बॅचमध्ये कितव्या आल्या होत्या, हे कोणीच विचारलं नाही. त्या वेळेवर आल्या, एवढंच घरच्यांना पुरे होतं.

मोजायची सवय जात नसेल तर निदान मोजपट्टी तरी स्वतःची घ्या. माझ्या पहिल्या आठवड्यातली एक कॉपी मी जपून ठेवलीय, सरांनी लाल पेनाने रंगवलेली. हल्ली लाल जरा कमी असतं. ही अशी एकच तुलना आहे, जिच्या दोन्ही बाजू मला पूर्ण माहीत आहेत.

आणि हे वाटणं आठवडेच्या आठवडे जात नसेल, झोप-जेवण बिघडत असेल, तर लेख वाचून भागणार नाही. घरात, मित्राशी, डॉक्टरांशी बोला. सरकारची ‘टेलीमानस’ हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मोफत आहे.

बाकीच्यांना एक काम. म्यूट लिस्ट उघडा. त्यातलं आपलं एक तरी नाव बाहेर काढा आणि फोन करा. अभिनंदन वगैरे नंतर. आधी विचारा, ‘जेवलीस का?’