एक ग्रॅम म्हणजे किती?

दिवाळीनंतरच्या रविवारी गोकाकहून भाचा आला, तो हातात जड पिशवी घेऊन. ताईने करदंट पाठवला असेल म्हणून मी आशेने पिशवी उघडली. आत बांगड्या, तुटक्या साखळ्या, अर्धी तुशी आणि एक कंबरपट्टा. सगळं पिवळं, काही ठिकाणी काळपट.

"मामा, हा अर्धा किलो नमुना. सगळं एक ग्रॅमचं आहे. माणूस किलोला बारा हजार मागतोय, पाच किलो माल आहे त्याच्याकडं."

तुम्हीही 'एक ग्रॅम गोल्ड'च्या पाट्या पाहिल्या असतील. आमच्या घरातही त्यातलं एक गंठण आहे. लग्नाला, प्रवासाला बरं पडतं, चोरीची धास्ती नाही. पण भाच्याचा हिशेब वेगळा होता. किलोत साधारण पन्नास बांगड्या बसतात. प्रत्येकीत एक ग्रॅम धरलं तर पन्नास ग्रॅम! तेवढं निघणार नाही हे त्यालाही कळत होतं. "पन्नास सोडा मामा, दोन ग्रॅम निघालं तरी वीस हजार. लेक्का माड्री!"

मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे आमच्या नात्यात असले हिशेब माझ्याकडेच येतात. एरवी हसून सोडलं असतं. पण दहा हजार त्याने आगाऊ देऊन टाकले होते आणि उरलेल्या पन्नास हजारांसाठी ताईची ठेव मोडायची होती. भावोजी गेल्यापासून ताईला आधार आहे तो त्या ठेवीचाच.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आमच्या रसायनशास्त्राच्या सरांपुढे एक बांगडी ठेवली. त्यांनी पट्टीने मापं घेतली. बांगडीचं वजन वीस ग्रॅम, आतून-बाहेरून मिळून पृष्ठभाग तीस चौरस सेंटिमीटर. एक चौरस सेंटिमीटरवर एक मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका, सोन्याचा थर दिला तर सोनं लागतं दोन मिलिग्रॅमच्या आत. आणि स्वस्त दागिन्यांवरचा मुलामा एक मायक्रॉनही नसतो, बऱ्याचदा त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच असतो. त्या हिशेबाने एका बांगडीत सोनं सहा मिलिग्रॅम, पन्नास बांगड्यांत तीन दशांश ग्रॅम. दहा ग्रॅम सोन्याने २०२५ साली लाखाचा आकडा ओलांडला, म्हणून सोपं जावं यासाठी ग्रॅमला दहा हजार धरले. किलोभर मालातलं सोनं झालं तीन हजारांचं. तेही बांगड्या कोऱ्या असतील तर! वापरून, घासून, घामाने जे गेलं ते गेलंच. खालच्या पितळेचे मोडीत येतील ते काही शे रुपये वेगळे.

'एक ग्रॅम' हे त्या दागिन्याचं नाव आहे, माप नव्हे.

"इष्टेना?" भाचा म्हणाला. एवढंच?

एवढंच, आणि ते काढायचा खर्च वेगळा. त्याने मोबाइलवर पाहून ठेवलं होतं की नायट्रिक अॅसिडमध्ये पितळ विरघळतं आणि सोन्याचे पापुद्रे तळाशी राहतात. ते खरं आहे. पण त्या वेळी जो तांबूस धूर निघतो तो फुप्फुसात गेला की त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो, तोवर माणूस आपण ठीक आहोत असंच समजतो. गोकाकच्या घराच्या मागच्या पडवीत, जिथे ताई कपडे वाळत घालते, तिथे हा उद्योग चालणार होता. सर एरवी मवाळ गृहस्थ, पण हे ऐकून भाच्यावर ओरडलेच.

मग असली मोड कधीच घेऊ नये का? तसंही नाही. सरांनीच कपाटातून त्यांच्या वडिलांचा जुना चष्मा काढला. अमेरिकेतून कोणी तरी आणलेला. काडीच्या आतल्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरं: १/१०, १२ के, जी.एफ. याला गोल्ड फिल्ड म्हणतात. यात सोन्याचा पत्राच खालच्या धातूवर दाबून बसवतात आणि किती ते लिहितात. धातूच्या वजनाचा दहावा भाग बारा कॅरटचं सोनं, म्हणजे शुद्ध सोनं पाच टक्के. वीस ग्रॅमच्या फ्रेममध्ये एक ग्रॅम! १/२० असेल तर त्याच्या निम्मं. इथे वजनाचा शब्द दिलेला आहे, म्हणून भावही करता येतो. अर्थात काचा आणि स्क्रू वगळून वजन करायचं, आणि असा माल आपल्याकडे पोत्याने मिळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलाम्याखाली काय आहे ते. म्हैसूर सिल्कच्या अस्सल जरीत सोनं एका टक्क्याहूनही कमी असतं, पण चांदी असते सुमारे पासष्ट टक्के. मी शाळेत असताना आमच्या गल्लीत जुनी जरी घेणारा यायचा. आईने तिचा फाटका शालू त्याला दिला आणि बदल्यात एक स्टीलचं पातेलं घेतलं. ते पातेलं अजून आहे, दूध तापवायला. तेव्हा चांदी पातेल्याच्या भावात घालवली आणि आता भाचा पितळ सोन्याच्या भावात घ्यायला निघाला होता. घराण्याची परंपरा म्हणायची.

शेवटी आम्ही दोघे शहापूरच्या सराफ गल्लीत गेलो. ओळखीच्या सराफाने बांगडी कसोटीवर हलकीच घासली, छान पिवळी रेघ उमटली. भाच्याने माझ्याकडे विजयाने पाहिलं. मग सराफाने कानशीने एक खाच पाडली, तिथे पुन्हा घासलं आणि अॅसिडचा थेंब टाकला. रेघ हिरवी होऊन पुसली गेली. "झारेकऱ्याला विचारून बघा," तो म्हणाला. झारेकरी म्हणजे सोनाराच्या दुकानातली धूळ आणि राख धुऊन त्यातला कण न् कण काढणारा माणूस. ज्याला धुळीतलं सोनं परवडतं, त्याने आमची पिशवी हातात तोलली आणि पितळेचा भाव सांगितला.

ठेव मोडली नाही. दहा हजार मात्र परत आले नाहीत. विकणाऱ्याने आठ दिवस फोन उचलला नाही, नवव्या दिवशी "तो अर्धा किलो तुम्हीच ठेवा" म्हणून मोकळा झाला. ताईला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. भाच्याने तो विषय माझ्यावर सोपवलाय आणि हा लेख तिच्या हाती पडायच्या आत मला गोकाकला जाऊन यायला हवं.

पिशवी आमच्याकडेच आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला मुली यंदा कित्तूर चन्नम्मांवर कन्नड नाटक बसवताहेत. कंबरपट्टा त्यांनी कालच नेला.