साताऱ्याची सैनिक शाळा

गेल्या महिन्यांत आमचे एक जुने विद्यार्थी, निवृत्त सुभेदार, यांच्यासमवेत साताऱ्यास जाण्याचा योग आला. सदर बाजारांतील सैनिक शाळा पाहावयाची, एवढेंच प्रयोजन. सुभेदारांची धाकटी कन्या बरोबर होती; तिचें प्रकरण शेवटीं येईलच.

ही शाळा २३ जून १९६१ रोजीं सुरू झाली. देशांतील सैनिक शाळांतली ही पहिली. कपुरथळा, जामनगर, कुंजपुरा व चितोडगड येथील शाळा त्याच वर्षीं, पण मागाहून निघाल्या. योजना संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांची. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री तेव्हां यशवंतराव चव्हाण होते. त्यांचें जन्मगांव देवराष्ट्रें आज सांगली जिल्ह्यांत मोडतें. परंतु ते १९१३ सालीं जन्मले तेव्हां तो मुलूख साताऱ्याचाच होता. दक्षिण सातारा निराळा झाला तो १९४९ त, आणि सांगली हें नांव त्यास त्याहूनही मागाहून मिळालें.

ह्या मुलुखानें सैन्यास माणसें किती दिलीं, हें वाचकांस सांगावयास नकोच. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गांवचे ४६ जवान पहिल्या महायुद्धांत कामीं आले. परंतु हे सारे शिपाई. अधिकारी होण्यास इंग्रजी विद्या हवी, आणि १९२२ सालीं डेहराडूनला निघालेलें सैनिकी विद्यालय आमच्या कुणब्याच्या पोरास स्वप्नांतही दिसणारें नव्हतें. हवालदाराचा मुलगा हवालदारच व्हावयाचा, ही रीत मोडावी म्हणून निवासी शाळा काढून, परीक्षेनें मुलें निवडून, त्यांस खडकवासल्याच्या प्रबोधिनीसाठीं तयार करावयाचें ठरलें. शिक्षण इंग्रजींतून. आम्हां संस्कृताच्या मास्तरास हें रुचत नाहीं. पण ज्या दारास इंग्रजीचें कुलूप, त्यास किल्लीही तीच लागणार.

पोगरवाडीचे संतोष महाडिक ह्याच शाळेंतून निघून कर्नल झाले आणि १७ नोव्हेंबर २०१५ रोजीं कुपवाड्यास धारातीर्थीं पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ त स्वतः सैन्यांत अधिकारी झाल्या. मात्र एवढ्या मोठ्या महाराष्ट्रास २०१९ सालीं चंद्रपूरची शाळा निघेपर्यंत अशी हीच एक शाळा पुरवावी, हें आम्हांस कधींच पटलें नाहीं.

आतां आमच्या सुभेदारांविषयीं. चाळीस वर्षांमागें खानापूर तालुक्यांतील एका खेड्यांत ते आमच्या वर्गांत होते. गणितांत विलक्षण तल्लख. वडील हवालदार, सीमेवर. त्यांस साताऱ्याच्या परीक्षेस बसवावें म्हणून आम्हीं चार महिने रोज सायंकाळीं शिकवणी घेतली. अर्ज भरावयास नोंदवही उघडली, तों जन्मतारीख १ जून, आणि वयाची मर्यादा उलटून गेलेली! दाखल करतेवेळीं आईनें "बेंदराच्या आदल्या दिवशीं झाला" एवढेंच सांगितलें होतें. मुलगा उंचापुरा, तेव्हां वर्ष अंदाजानें एकानें मागें आणि तारीख सोयीची, असें कोणी तरी लिहून टाकलें होतें. हा कोणी तरी म्हणजे आम्हीच. अक्षर आमचें होतें. दुरुस्तीस तालुक्याच्या कचेरींत खेटे घातले, पण मुदत टळली.

मुलगा पुढें बेळगांवास मराठा लाइट इन्फंट्रींत शिपाई म्हणून भरती झाला. भेटला कीं वांकून नमस्कार करतो. त्या तारखेचा विषय त्यानें एकदांही काढला नाहीं. आम्हींही नाहीं.

२०२१ पासून ह्या शाळेंत मुलींसही प्रवेश आहे. मैदानावर कवायत करणाऱ्या मुलांत त्या दिसल्या, तेव्हां ती चिमुरडी कुंपणापासून हलेना. परततांना एस.टी.त सुभेदारांनीं पिशवींतून तिचा जन्मदाखला काढून आमच्या हातीं दिला. म्हणाले, "गुरुजी, एकदां नजरेखालून घाला."

आम्हीं चष्मा लावून तारीख दोनदां वाचली. ठीक होती. सहावीच्या प्रवेशाची तयारी म्हणून सोमवारपासून ती सायंकाळीं गणितास आमच्याकडे येते.