नटबोल्ट आणि नशीब

परवा सुट्टीला आलेल्या भाच्याने मोबाईलवर एक जुना व्हिडिओ लावला. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात रिनो नावाचं शहर आहे. १९६४ ते २०२३ या काळात तिथे सप्टेंबरात विमानांच्या शर्यती भरायच्या. आपण जत्रेला जावं तशी माणसं घरच्यांना घेऊन बघायला जायची. १६ सप्टेंबर २०११ ला शर्यत ऐन भरात असताना एक विमान एकदम वर उसळलं आणि थेट प्रेक्षकांच्या खुर्च्यांपुढे कोसळलं. चौऱ्याहत्तर वर्षांचे वैमानिक जिमी लीवर्ड आणि दहा प्रेक्षक गेले. साठहून जास्त माणसं जखमी झाली.

"बंद कर रे ते," मी म्हटलं. मला माझी आत्या आठवली.

माझा आत्तेभाऊ एकोणिसाव्या वर्षी गेला. गावच्या जत्रेत बैलगाडा शर्यत बघायला गेला होता. उधळलेली जोडी गर्दीत शिरली. बातमी घरी आली तेव्हा आत्या भाकऱ्या थापत होती. दहा दिवस घरात बायकांची रीघ. सगळ्या एकच म्हणत, "नशिबात होतं बाई. वेळ आली होती त्याची." आत्या मान हलवायची. रात्री मात्र माझा हात धरून पुटपुटायची, "अगं, नको म्हणत होता तो. मीच म्हटलं, जा, बघून ये. वीस रुपयेपण दिले."

ते वीस रुपये तिने पुढे कित्येक वर्षं उराशी धरले.

मैत्रिणींनो, अपघातात घरचं माणूस गेलं की मागे राहिलेली बाई बहुतेक वेळा स्वतःलाच दोषी धरते. मी पाठवलं, मी अडवलं नाही, मी फोन केला असता तर... आणि आपण सांत्वनाला जाऊन 'नशीब' म्हणतो. आपला हेतू चांगलाच असतो. पण त्या शब्दाने तिच्या मनातला प्रश्न सुटत नाही, फक्त बोलायचा बंद होतो.

रिनोत प्रश्न बंद झाला नाही. अपघाताची चौकशी झाली आणि वर्षभरात, २०१२ च्या ऑगस्टमध्ये कारण जाहीर झालं. विमानाच्या शेपटीवर एक छोटी हलती पट्टी असते. तिचे स्क्रू धरून ठेवणारे नट जुने झाले होते. एकदाच वापरायचे नट पुन्हा वापरले होते. त्यामुळे स्क्रू सैल झाले, एकाला तडा गेला आणि पट्टी थरथरून तुटली. शिवाय वेगासाठी विमानात केलेल्या बदलांची नीट चाचणी झालेली नव्हती. म्हणजे कुणाच्या कपाळावर काही लिहिलेलं नव्हतं. नट बदलायचे राहिले होते.

कारण कळल्याने गेलेला माणूस परत येत नाही, आणि धोकाही कायमचा संपत नाही. २०२३ मध्ये रिनोच्या शेवटच्या शर्यतीतही दोन वैमानिक गेलेच. पण कारण कळलं की 'मी पाठवलं म्हणून गेला' हे खोटं आहे, हे निदान स्वतःला सांगता येतं. आणि पुढच्या कुणासाठी काय करायचं तेही कळतं.

म्हणून सांत्वनाला जाल तेव्हा उपदेश करू नका. 'नेमकं कसं झालं?' म्हणून खोदून विचारूही नका. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०११ च्या आपल्या पुस्तिकेत हेच सांगितलंय: आधी काय हवं-नको ते पाहा, ती बोलेल ते ऐका, लागेल ती मदत जोडून द्या. चहा टाका, पोरांना जेवायला घाला, दाखल्यासाठी तिच्यासोबत कचेरीत जा. पहिले काही दिवस झोप न येणं, आवाजाने दचकणं, तेच चित्र डोळ्यांसमोर येणं हे होतंच. पण महिना उलटूनही कमी झालं नाही, किंवा 'मलाच जगायचं नाही' असं तोंडून निघालं, तर वेळ घालवू नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारची 'टेली मानस' सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे. त्यात लाज कसली?

खूप वर्षांनी एका दुपारी शेंगा फोडताना आत्याने मला विचारलं, "काय गं, तिथे गर्दीपुढे साधा दोर तरी बांधला होता का?"

"नव्हता आत्या."

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग बांधायला पाहिजे होता की कुणीतरी."

वीस रुपयांचं नाव तिने त्या दिवशी काढलं नाही. तेव्हा वाटलं, हा प्रश्न आम्ही तिला दहाव्याच्या आधीच विचारू द्यायला हवा होता.