न खोकणाऱ्या गाईचा क्षय

२३ मार्च २०२० च्या संध्याकाळी ब्रिटनच्या पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून जनतेला घरात बसायला सांगितले. दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता आपल्याकडेही तेच झाले, आणि पुढचे महिने कसे गेले ते वाचकांना मी नव्याने सांगायला नको. दुकाने, शाळा, कचेऱ्या, देवळे, सारे बंद. मात्र इंग्लंड-वेल्सच्या शेतांवर एक काम त्या वसंतातही चालूच राहिले. गाईंची क्षयाची तपासणी! मी हे घरी सांगितले तेव्हा सगळ्यांना हसू आले. माणसे पटापट मरताहेत आणि हे लोक गाईंच्या मानेला सुया टोचत हिंडताहेत, याला काय म्हणावे?

मी गुरांचा डॉक्टर. नोकरीची सारी वर्षे सरकारी दवाखान्यांत आणि फार्मवर गेली. त्यामुळे मला हसू आले नाही, थोडा हेवा मात्र वाटला.

गाईचा क्षय हा मोठा फसवा रोग आहे. ‘मायकोबॅक्टेरियम बोव्हिस’ हा त्याचा जंतू माणसाच्या क्षयजंतूचा चुलतभाऊच, आणि वेळ आली की तो माणसालाही सोडत नाही. बाधा झालेली गाय महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे नीट चरते, रवंथ करते, दूध देते. अंगावर तेज असते. ती खोकू लागली, बरगड्या दिसू लागल्या, की समजावे शेजारच्या दावणीला तिने केव्हाच प्रसाद वाटून ठेवला आहे. म्हणजे रोगी गाय ओळखायची ती ती निरोगी दिसत असतानाच, आणि त्यासाठी टोचून पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

ब्रिटनमधली पद्धत अशी. मानेवर दोन ठिकाणचे केस कातरायचे, कातडीची घडी चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी मोजायची, आकडा लिहायचा. वरच्या जागी पक्ष्यांच्या क्षयजंतूपासून बनवलेले ट्युबरक्युलिन थेंबभर टोचायचे, खालच्या जागी गाईच्या जंतूपासून बनवलेले. बहात्तर तासांनी परत येऊन दोन्ही गाठी मोजायच्या. खालची गाठ वरचीपेक्षा चार मिलिमीटरहून अधिक वाढलेली असेल, तर ती गाय ‘रिअ‍ॅक्टर’ ठरते आणि तिची रवानगी कत्तलखान्यात होते. दोन सुया अशासाठी की, या घराण्यातले निरुपद्रवी जंतू माती-पाण्यात पुष्कळ असतात. त्यांच्या संसर्गाने कातडी फुगली तर भलत्याच गाईचा बळी जायचा. हे ट्युबरक्युलिन रॉबर्ट कॉखने १८९० मध्ये क्षयावरचे औषध म्हणून जगापुढे आणले होते. औषध म्हणून ते सपशेल फसले. चाचणी म्हणून मात्र सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकले.

चाचणीही काही रामबाण नाही. बाधित शंभर गाईंमधल्या वीसेक तिच्या हातून निसटतात. निरोगी गाय नाहक दोषी ठरण्याचे प्रमाण मात्र पाच हजारांत एक इतके कमी. निसटलेल्या गाई पुढच्या फेरीत सापडाव्या लागतात, म्हणून एकदा टोचून भागत नाही. रोग निघालेल्या गोठ्यात दोन-दोन महिन्यांच्या अंतराने पुन:पुन्हा टोचत राहायचे, सगळी गुरे स्वच्छ ठरेपर्यंत. सुईपेक्षा इथे वेळापत्रकाला महत्त्व अधिक. एक फेरी चुकली तर मागच्या फेरीची मेहनतही बरीचशी वाया जाते.

आता २०२० च्या त्या वसंतात परत जाऊ. नियम होता माणसामाणसांत दोन मीटर अंतराचा. मोठ्या गाईचे त्यात कसेबसे निभते. ती खोड्यात अडकवली की मालक मागून हाकणार, डॉक्टर मानेशी उभा राहणार, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक मोठ्याने ओरडायचा आणि दुसऱ्याने लांबून लिहून घ्यायचा. पण तीन महिन्यांचे वासरू? ते खोड्यात ठरत नाही. कोणीतरी त्याचे डोके छातीशी कवटाळून धरावे लागते, आणि मग डॉक्टरचे नाक आणि धरणाऱ्याचे नाक यांत वीतभर अंतर उरते. ज्याने कधी वासरू धरलेले नाही त्याला ही अडचण फायलीत दिसणार नाही. तिथल्या खात्याला ती दिसली. एरवी सहा आठवड्यांवरच्या सगळ्या वासरांना टोचायचे असते. त्या काळात १८० दिवसांखालची वासरे सुरक्षितपणे तपासता येत नसतील, तर वगळण्याची तात्पुरती मुभा देण्यात आली, आणि तो निर्णय जागेवरच्या डॉक्टरवर सोपवला. जाण्यापूर्वी फोन करून घरात कोणाला ताप-खोकला आहे का, हे विचारून घ्यायचे, आणि धोका दिसला तर तारीख पुढे ढकलायची.

त्या शेतकऱ्यांची अवस्था डोळ्यांपुढे आणून पाहा. तिथल्या शेतमालकाचे सरासरी वय साठीच्या घरात. पुष्कळ ठिकाणी सगळा कारभार नवरा-बायकोच पाहणार. डॉक्टर गोठ्यात आला तर त्याच्याबरोबर करोना येण्याची धास्ती. तो आला नाही आणि तपासणीची मुदत टळली, तर गुरांच्या हालचालीवर निर्बंध, म्हणजे एक कालवडही विकता येणार नाही. त्यातच एप्रिलमध्ये हॉटेले, कॉफीची दुकाने बंद पडल्याने कित्येकांना दूध ओतून द्यावे लागत होते. अशा वेळी गडी सांगून गेला असता, ‘जाऊ द्या हो, यंदा नको तपासणी,’ तर त्याला दोष कोणी दिला असता?

तरीही तपासणी थांबली नाही, याचे कारण माझ्या मते २००१ सालात आहे. त्या वर्षी ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकताची भयंकर साथ आली. साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. शेतांच्या फाटकांना कुलपे लागली, सगळे डॉक्टर त्या एका कामाला जुंपले गेले आणि क्षयाची तपासणी वर्षाचा बराच भाग जवळजवळ बंद राहिली. साथ ओसरल्यावर रिकाम्या झालेल्या गोठ्यांसाठी शेतकऱ्यांनी देशभरातून गुरे विकत आणली. त्यांतली कित्येक नैर्ऋत्येकडच्या, क्षयाने पोखरलेल्या भागातली होती, आणि तपासणीची मुदत टळून गेलेली. कंब्रियासारख्या, हा रोग फारसा न उरलेल्या मुलखात तो असा ट्रकमधून जाऊन पोचला. पुढची कित्येक वर्षे आकडे चढत गेले. २०२० सालीही एकट्या इंग्लंडमध्ये क्षयापायी पंचवीस हजारांहून अधिक गुरे मारावी लागली.

एवढा खटाटोप कशासाठी, असे शहरी वाचकाला वाटेल. १९३० च्या दशकात ब्रिटनमधल्या दुभत्या गाईंपैकी सुमारे चाळीस टक्के गाई क्षयाने बाधित होत्या, आणि कच्च्या दुधातून आलेल्या या रोगाने दरवर्षी दोन हजारांवर माणसे मरत, त्यांत लहान मुले फार. आपल्या जुन्या पिढीला ‘गंडमाळा’ हा शब्द आठवत असेल. गळ्याभोवती गाठींची माळ, त्या फुटून वाहणाऱ्या जखमा. त्यातल्या कित्येक या दुधाच्याच असत. पाश्चरीकरण आणि १९५० पासून गावागणिक नेटाने चालवलेली तपासणी, या दोहोंनी १९६० पर्यंत रोग पुष्कळ आटोक्यात आणला. पुढे १९७१ मध्ये ग्लॉस्टरशायरमध्ये एक मेलेला बॅजर सापडला, त्याच्या अंगात हाच जंतू निघाला. या बिळात राहणाऱ्या निशाचर प्राण्याला मारावे की वाचवावे, यावर तिथे जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. आपल्या गोवंशाच्या वादाची आठवण व्हावी इतका तो भावनेचा आहे.

आपल्याकडे काय? आपण दूध उकळतो. ही सवय ज्या कुणा आजीने लावली तिला दंडवत! भारतात गाईचा क्षय शहरी माणसाला फारसा भिववत नाही तो या पातेल्यामुळे. पण पातेले पिणाऱ्याला वाचवते, पाजणाऱ्याला नाही. जो रोज पहाटे गाईच्या कुशीला डोके टेकून धार काढतो, थंडीत गोठ्यातच निजतो, त्याच्यापर्यंत जंतू श्वासातून पोचतो.

एका सरकारी फार्मवर आम्ही ट्युबरक्युलिन टोचायचो. सूज आलेल्या गाई टोकाच्या वेगळ्या गोठ्यात बांधल्या जायच्या. पण शेणाची पाटी तीच, वैरणीची गाडी तीच आणि धार काढणारा गडीही तोच. त्या गाईंचे पुढे काय करायचे याचे उत्तर मी वर पुष्कळदा मागितले. उत्तर आले नाही. माझी बदली आली.

मारणे हा आपला मार्ग नाही, हे उघड आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईंच्या आणि २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे. ती योग्य की अयोग्य हा आजचा विषय नव्हे. कायदा नसता तरी दोन गाईंवर घर चालवणाऱ्याला ‘यातली एक दे’ म्हणायला भरपाईची थैली भरलेली लागते. पण मारायचे नाही म्हणून मोजायचेही नाही, हे कुठले शास्त्र? २०१८ मध्ये देशभरच्या उपलब्ध पाहण्या एकत्र करून केलेल्या एका अभ्यासाने भारतातल्या बाधित गुरांची संख्या दोन कोटींच्या वर असावी, असा अंदाज दिला. ब्रिटनमध्ये गुरे आहेत तीच मुळात एक कोटीच्या आसपास.

आणि गाईंचे सोडा, त्या साथीत आपण माणसांचेही वेळापत्रक सांभाळू शकलो नाही. २०१९ मध्ये देशात सुमारे २४ लाख क्षयरोग्यांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. हे सहा लाख लोक एका वर्षात बरे झाले नव्हते. त्यांची थुंकी कोणी तपासली नव्हती इतकेच. दवाखाने, कर्मचारी, तपासणीची यंत्रे करोनाकडे वळली होती, गाड्या बंद होत्या, आणि खोकणारा माणूस घराबाहेर पडायला भीत होता. त्या वर्षी जगभरातले क्षयाचे मृत्यू दशकाहून अधिक काळानंतर प्रथमच वाढले. ब्रिटनच्या गाईंना त्या वसंतात जे मिळाले ते आमच्या धारावीतल्या वा मेळघाटातल्या माणसाला मिळायला हवे होते, असे म्हटले तर कोणी रागावू नये.

करता येण्याजोगे पुष्कळ आहे. आपल्या दंडावर बीसीजीचा जो व्रण असतो, ती लस मुळात गाईच्याच क्षयजंतूपासून बनलेली आहे. काल्मेत आणि गेराँ या दोघा फ्रेंच संशोधकांनी तेरा वर्षे तो जंतू पुन:पुन्हा वाढवून निर्विष केला आणि १९२१ मध्ये ती प्रथम माणसाला दिली. (करोनावरही तीच चालेल अशी हवा २०२० मध्ये उठली होती, नंतरच्या चाचण्यांत ती टिकली नाही.) गाईंना ती देण्यात ब्रिटनला पेच पडतो. लस दिलेली गाय ट्युबरक्युलिनलाही फुगते, मग रोगी कोण आणि लसवंत कोण? हा फरक ओळखणाऱ्या नव्या चाचणीचे प्रयोग तिथे २०२१ पासून शेतांवर सुरू झाले. आपल्याकडे गाय मारायचीच नाही, तर तो पेच आपल्याला एवढा छळणार नाही. इथिओपियात वासरांना बीसीजी देऊन केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. लसीमुळे रोगाचा फैलाव जवळजवळ नव्वद टक्क्यांनी घटलेला आढळला.

तपासणी आपल्याला जमत नाही असेही नाही. कृत्रिम रेतनाच्या वीर्य केंद्रांवरच्या वळूंची क्षयासाठी ठरल्या मुदतीला चाचणी होते. ज्याचे वीर्य गावोगाव जाते तो तपासलेला, आणि जिच्याखाली माणूस दिवसातून दोनदा बसतो ती नाही! सुरुवात सरकारी फार्म आणि गोशाळांपासून करता येईल, कारण तिथे म्हातारी, आजारी गुरे वर्षानुवर्षे दाटीने एकत्र राहतात. आणि जिथे एखाद्या गाईची मान सुजलेली निघेल, तिथल्या गड्याची, त्याच्या बायकोची आणि मुलांची थुंकी त्याच आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रात पोचली पाहिजे. पशुसंवर्धन आणि आरोग्य ही दोन खाती बहुतेक तालुक्यांत हाकेच्या अंतरावर असतात.