प्रक्षेपक आणि प्रक्षिप्त

'साहित्यकृतींचे माध्यमांतर' हा विषय विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत रुळला आणि त्याच सुमारास भाषाविभागांच्या वर्गखोल्यांत छताला प्रोजेक्टर टांगला गेला. अभ्यासक्रमावर आपण पुष्कळ वाद घातले. त्या यंत्राविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे मात्र आमच्या पाहण्यात नाही. शिपायाने ते सुरू करावे, निळ्या पडद्याच्या जागी चित्र उमटले की प्राध्यापकांनी बोलू लागावे, अशी एकंदर रीत आहे. आमच्या मते ही रीत वाङ्मयाच्या अभ्यासकाला शोभणारी नाही.

कारण आपली परंपरा पाठशुद्धीची आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी पदरची ओवी घालू नये असे पुढच्यांना बजावले. आजही पदव्युत्तर वर्गात आपण अस्सल ओवी कोणती, प्रक्षिप्त कोणती, लेखनिकाचा हस्तदोष कुठे आणि त्याची 'सुधारणा' कुठे, याचा कीस पाडतो. आणि मग तोच अध्यापक त्याच वर्गाला 'प्रभात'चा 'संत तुकाराम' (१९३६) दाखवतो, तो कसा, ते पाहण्यासारखे आहे.

दामले-फत्तेलालांच्या त्या चित्रपटाची चौकट जुन्या धाटणीची, साधारण ४:३ या प्रमाणाची. आजच्या रुंद पडद्याचे प्रमाण १६:९. यंत्राच्या यादीत 'ॲस्पेक्ट' नावाची एक ओळ असते. ती 'फुल'वर असली की चित्र आडवे ताणून पडदा भरला जातो. परिणामी विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम मूळच्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने अधिक रुंद होतो. दुष्काळात दिवाळे निघालेला देहूचा वाणी असा सुखवस्तू दिसत असताना 'अभिनयातील कृशता आणि विरक्ती' यांवर व्याख्यान चालू असते! 'झूम' निवडले तर माणसे ठीक दिसतात, पण चौकटीची वरची-खालची मिळून चौथाई उंची कापली जाते. पोथीच्या प्रत्येक पानाचा चौथा भाग कातरून ती शिकवायला कोणी धजणार नाही. चित्रपटाच्या बाबतीत ते घडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले तर प्रेक्षकांना काहीतरी वाया गेल्यासारखे वाटते, एवढेच कारण. ते पट्टे म्हणजे समास होत. समासावर मजकूर पसरवणे हे संपादन नव्हे.

प्रकाशाचे दुखणे याहून अवघड आहे, कारण ते चटकन दिसत नाही. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. तो प्रकाश फेकतो किंवा अडवतो. काळे म्हणून आपण जे पाहतो ते जवळजवळ न उजळलेला पडदाच असतो. खिडक्यांना पडदे नसलेल्या खोलीत दुपारी बारा वाजता चित्रपटातील सर्वांत गडद रात्र ही त्या भिंतीच्या उजेडापेक्षा गडद होऊच शकत नाही. यावर उपाय म्हणून 'डायनॅमिक' किंवा 'प्रेझेंटेशन' नावाची पद्धत निवडली जाते. ती बनवली आहे तक्ते आणि ठळक अक्षरे उजेडातही वाचता यावीत म्हणून. दिव्याची सारी ताकद बाहेर यावी यासाठी तीत रंगांचा तोल सोडला जातो. गोऱ्या चेहऱ्यांवर, पांढऱ्या कपड्यांवर हिरवट-निळसर झाक चढते. पुष्कळ यंत्रांत रंगीत चकतीवर एक पारदर्शक पाकळीही असते. तिच्यामुळे पांढरा झळाळतो आणि त्याच्या शेजारी लाल-पिवळे मळकट पडतात.

याने काय बिघडते? 'अपराजितो' (१९५६) घ्या. बिभूतिभूषणांच्या कादंबरीसोबत तो अनेक ठिकाणी दाखवला जातो. काशीतील घराच्या चौकात वरून झिरपणारा, सावली न पाडणारा उजेड सुब्रत मित्रांना स्टुडिओत उभारलेल्या घरात हवा होता. त्यांनी वर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा प्रकाश त्यावरून परतवून खाली सोडला. त्या दृश्यांचा सारा अर्थ राखाडीच्या लगतच्या छटांमध्ये आहे. 'डायनॅमिक' पद्धत नेमक्या त्याच छटा पुसते आणि उरतो तो सरसकट पांढरेपणा. विद्यार्थी प्रामाणिकपणे लिहितो की या चित्रपटात प्रकाशयोजना साधी, सपाट आहे. त्याने जे पाहिले ते तसेच होते. त्याचे गुण कोणत्या न्यायाने कापायचे?

तिसरा प्रकार आमच्या व्यवसायाला तर सरळ आव्हान देणारा आहे. चित्रपट बहुधा सेकंदाला २४ चित्रे या गतीने घेतलेला असतो. घरगुती प्रोजेक्टरांत आणि वर्गांत आलेल्या मोठ्या दूरचित्रवाणी संचांत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते. यंत्र दोन चित्रांच्या मधली चित्रे अंदाजाने रचून आत घुसवते. ही चित्रे कोणत्याही कॅमेऱ्याने टिपलेली नसतात. याला प्रक्षेप नाही तर काय म्हणावे? मराठीत यंत्राचे नाव प्रक्षेपक आणि घुसडलेल्या ओवीचे नाव प्रक्षिप्त, हा योगायोग आम्हांस फार बोलका वाटतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी ही सोय घरोघरी बंद करावी असे चित्रफितीतून आवाहन केले होते. पुढच्याच वर्षी 'फिल्ममेकर मोड' नावाची, ही ढवळाढवळ बंद ठेवणारी पद्धत जाहीर झाली. ही काळजी हॉलिवूडच्या नटाने वाहावी आणि पाठचिकित्सेच्या अभ्यासकांनी स्वस्थ बसावे, हे काही बरे नव्हे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, 'अहो, कथा तर कळते ना?' कळते. पण कथाच कळायची तर कादंबरी हाताशी होतीच की. माध्यमांतराचा अभ्यास म्हणजे कथेच्या पलीकडे दृश्याने काय केले याचा अभ्यास. त्यात दृश्यच गौण मानायचे असेल तर ती प्रश्नपत्रिका सारांशलेखनाची होईल. आमचा खरा संशय असा आहे की साहित्याचे आपण अध्यापक चित्रपटाला अजून हलणारा सारांशच समजतो, आणि सेटिंगविषयीची उदासीनता ही त्या समजुतीची खूण आहे. यंत्र विभागाच्या नव्हे, कार्यालयाच्या पसंतीने येते, पडदे मंजूर होत नाहीत, हे सारे खरे. पण रिमोट तर वर्गातच असतो.

आणि काम दहा मिनिटांचे आहे. पद्धत 'सिनेमा' निवडावी, प्रमाण मूळचे ठेवावे, रंगाचे तापमान 'वॉर्म' किंवा ६५०० केल्व्हिनच्या जवळ आणावे. कृष्णधवल चित्रात निळी झाक दिसली तर ते चुकले आहे. 'ब्राइटनेस' हे नाव फसवे आहे. त्याने मुख्यतः काळ्याची पातळी ठरते. अंधारातल्या माणसाचे काळे केस थांबवून पाहावेत: केस आणि मागची भिंत वेगळी कळेल, पण अंधार राखेसारखा होणार नाही, तिथे थांबावे. 'कॉन्ट्रास्ट'साठी पांढरे धोतर किंवा पागोटे शोधावे. चुण्या दिसेनाशा झाल्या की तो जास्त आहे. 'शार्पनेस' इतका उतरवावा की अक्षरांभोवतीची पांढरी किनार जाईल. 'कीस्टोन'ची तिरकी दुरुस्ती शक्यतो वापरूच नये, कारण ती चित्राचे बिंदू नव्याने मोजून चित्र आक्रसते. त्यापेक्षा यंत्र समोर, सरळ ठेवावे. हे आकडे एका कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. मात्र वर्षाकाठी ते पुन्हा तपासावेत: दिव्याचे म्हणून जे तास छापलेले असतात ते सहसा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचे असतात, आणि तीन वर्षांपूर्वीच्या बॅचने पाहिलेला 'अपराजितो' यंदाच्या बॅचला त्याच आकड्यांवर दिसेलच असे नाही.